खिशातली दुर्बीण घेताय? आधी तारेवरचा कावळा बघा

माझी पहिली दुर्बीण ३०×६० होती. म्हणजे तिच्यावर तसं छापलेलं होतं, सोनेरी अक्षरात. ऑनलाइन घेतली होती, घडी घालून खिशात जायची, भिंगं लालभडक, मित्र म्हणाले भारीये. दोन महिन्यांनी एका रविवारी सहज पट्टी लावून पुढचं भिंग मोजलं तर २२ मिलिमीटर भरलं. ६० कुठे गेले देव जाणे. आणि ३० पट मोठं दिसण्याचं म्हणाल तर ते पण खोटंच, हिशोब केला तर जेमतेम आठ पट निघालं (तो हिशोब कसा करायचा ते पुढे सांगतो, दुकानात उभ्या उभ्या जमतो). नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात तसं. तर ही चूक तुमची होऊ नये म्हणून हे लिहितोय. खास करून ज्यांना पक्षी बघायला नुकतीच सुरुवात करायचीये आणि गळ्यात किलोभर वजन नकोय अशांसाठी.

पहिलं काम म्हणजे दुर्बीण न्यायची कुठे हे ठरवा. हे लोक करतच नाहीत, थेट रिव्ह्यू बघायला बसतात. सकाळी टेकडीवर फिरायला जाताना खिशात टाकायचीये, गड चढताना सॅकच्या वरच्या कप्प्यात हवीये, क्रिकेट मॅचला न्यायचीये, तर कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशातली छोटी, बेस्ट. पण तुमचं बघणं पहाटे साडेसहाला भिगवणला होडीत किंवा संध्याकाळी ताडोबाच्या जिप्सीत असणार असेल तर कॉम्पॅक्ट म्हणजे दुधाची तहान ताकावर, तिथे ३२ किंवा ४२ मिलिमीटरचं भिंगच लागतं. आणि फुलपाखरांचं वेड असेल तर तो वेगळाच विषय, त्यात जवळचं फोकस होणं महत्त्वाचं. पेंटॅक्सची पॅपिलिओ ६.५×२१ अर्ध्या मीटरवरचं दाखवते, म्हणजे कढीपत्त्यावर बसलेली राणी पाकोळी (आपलं राज्य फुलपाखरू) पंखावरचे खवले मोजावेत इतकी मोठी दिसते. बाकीच्या बहुतेक दुर्बिणींना दीड-दोन मीटर तरी मागे सरकावं लागतं.

आता आकडे. ८×२५ म्हणजे आठ पट जवळ दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास २५ मिलिमीटर. सगळ्यांचं लक्ष पहिल्या आकड्याकडे जातं, आठ बरी की दहा बरी, दहा का बारा. मी सांगतो, दोन आकड्यांचा भागाकार करा. २५ भागिले ८, आलं साधारण ३.१. ही झाली प्रकाशाच्या टिकलीची रुंदी, मिलिमीटरमध्ये. इंग्रजीत एक्झिट प्युपिल म्हणतात, मी टिकलीच म्हणतो कारण दिसते तशीच. दुर्बीण हातभर लांब धरा, खिडकीकडे रोखा, आणि ज्या बाजूने बघतो त्या भिंगात मध्यभागी एक चकचकीत गोल दिसेल, तीच ती. दुर्बिणीतला सगळा उजेड तुमच्या डोळ्यात त्या टिकलीतूनच येतो.

आपल्या डोळ्याची बाहुली भर दुपारी दोन-तीन मिलिमीटर असते, अंधार पडला की तरुण माणसाची सातपर्यंत पसरते. म्हणजे दुपारी ३ मिलिमीटरची टिकली पुरते, ५ ची असली तरी जास्तीचा उजेड वायाच. पण पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा खरे पक्षी हलतात, तेव्हा छोट्या टिकलीचं चित्र मंद पडतं. १०×२५ मध्ये टिकली फक्त २.५ ची. ८×३२ मध्ये ४ ची. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण हे व्यास आहेत, क्षेत्रफळ धरलं तर अडीच पट उजेडाचा फरक. आणि अजून एक, टिकली लहान असली की डोळा अगदी नेमक्या जागी ठेवावा लागतो, जरा हलला की चित्राच्या कडेला काळी सावली येते. नवीन माणूस इथेच वैतागतो आणि म्हणतो मला दुर्बिणीतून काही दिसतच नाही बुवा.

एकदा भिगवणला होडीत होतो, माझ्याकडे तेव्हा १०×२५ होती, उधार आणलेली. समोर पट्टकादंबांचा थवा, नावाडी हात दाखवून सांगतोय दादा ते बघा डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, आणि मला दिसतंय काय तर राखाडी काहीतरी नाचतंय. शेजारच्या काकांनी स्वतःची ८×४२ पुढे केली, म्हणाले, "हे धर जरा." धरली आणि बघतो तर पट्ट्या, पिवळसर चोच, सगळं जागच्या जागी. दहा पट म्हणजे हाताची थरथरही दहा पट, आणि होडीत तर विचारूच नका. म्हणून कॉम्पॅक्टमध्ये आठच्या वर जाऊ नका, हा माझा हट्ट समजा. दहावाली घेऊन खूष असलेले लोक आहेत, त्यांचे हात माझ्यापेक्षा स्थिर असतील.

झूमवाली तर बिलकुल नको. १०-३०, ८-२४ वगैरे. कमी झूमला बघण्याचा आवाका नळीतून बघितल्यासारखा, जास्त झूमला अंधार, आणि आतली हलती भिंगं दोन्ही बाजूंना सारखी राहत नाहीत.

पुढचा टप्पा प्रिझमचा, म्हणजे उलटं चित्र सुलट करणाऱ्या आतल्या काचेचा, हा जरा टेक्निकल आहे पण पैसे इथेच वाचतात म्हणून नीट वाचा. दुर्बिणी दोन जातीच्या. एक पोरो, इन्यात्सियो पोरो नावाच्या इटालियन माणसाने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली, जुन्या सिनेमात मिलिटरीवाल्यांच्या गळ्यात असते ती, पुढची भिंगं एकमेकांपासून लांब. दुसरी रूफ, सरळ दोन नळ्या. खिशातल्यांमध्ये पोरो उलटी घालतात, म्हणजे पुढची भिंगं जवळ जवळ आणि डोळ्याकडची लांब, त्याला रिव्हर्स पोरो म्हणतात. बेडकासारखी दिसते खरं तर, रूफ कशी सडपातळ, त्यामुळे लोक रूफ उचलतात. आणि स्वस्तातल्या रूफमध्येच फसतात.

का, तर रूफ प्रिझममध्ये प्रकाश वरच्या धारेवर दोन भागात फुटतो आणि पुढे परत जुळताना त्याच्या लहरी एकमेकांशी पुढे-मागे होतात, चित्राची धार जाते. ते सुधारायला प्रिझमवर एक खास थर द्यावा लागतो, फेज कोटिंग. झाइसने तो १९८८ मध्ये आणला. शिवाय या छोट्या रूफ दुर्बिणींत प्रिझमच्या एका बाजूला आरशासारखा मुलामा लागतो, तो हलका असला की उजेड खातो. पोरोला या दोन्हीची गरजच नाही, साध्या काचेतून पण ती धारदार चित्र देते. त्यामुळे पाच-सात हजारात रूफ आणि रिव्हर्स पोरो समोरासमोर ठेवल्या तर बहुतेक वेळा पोरोच जिंकते. निकॉनची ट्रॅव्हलाइट ८×२५ रिव्हर्स पोरोच आहे, वर सांगितलेली पॅपिलिओ पण. रूफ घ्यायचीच असेल तर खोक्यावर फेज कोटिंग किंवा फेज करेक्शन लिहिलेलं शोधा, नसेल लिहिलं तर नाहीच आहे असं समजा, कारण असतं तर कंपनीने मोठ्या अक्षरात छापलं असतं.

कोटिंगचंच दुसरं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरा, म्हणजे एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला, आणि गेला तो नुसता जात नाही, आत इकडेतिकडे आपटून चित्रावर दुधाळ पडदा धरतो. म्हणून १९३५ मध्ये झाइसच्याच स्माकुला नावाच्या शास्त्रज्ञाने काचेवर पातळ थर द्यायची पद्धत काढली आणि आज सगळे ती वापरतात, फक्त किती पृष्ठभागांवर किती थर यात चलाखी असते. 'कोटेड' म्हणजे कुठेतरी एक थर. 'फुली मल्टिकोटेड' म्हणजे सगळीकडे अनेक थर, हेच हवं. दुकानात तपासायचं कसं, तर पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. हिरवट-जांभळट आणि मंद दिसलं तर कोटिंग आहे. पांढरीशुभ्र ट्यूबलाइट दिसली तर तो आरसा आहे, ठेवा परत. आणि लाल माणकासारखी भिंगं दिसली की उलट पावली या. ती लाल दिसतात म्हणजे लाल रंग बाहेर फेकला जातोय, आत काय जाणार मग, हिरवट-निळं चित्र. माझ्या त्या ३०×६० मधून हरियाल बघितला होता एकदा वडावर, आपला राज्यपक्षी, पिवळे पाय आणि खांद्यावरचा जांभळा डाग ही त्याची ओळख, मला दिसलं कबूतर.

आता दुकानात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुर्बीण उचलायची, डोळ्याला लावायची, चाक फिरवायचं आणि निकाल द्यायचा. आधी ती स्वतःच्या डोळ्यांना बसवा, नाहीतर चांगली दुर्बीणही फडतूस वाटते. दोन मिनिटांचं काम आहे. बिजागरी उघडझाप करून दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत आणा (दोन बिजागऱ्यांवाल्या मॉडेलमध्ये दोन्ही बाजू सारख्या उघडायच्या). चष्मा असेल तर आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कड) खाली, नसेल तर वर. मग समोरच्या दुकानाची पाटी धरा, उजव्या बाजूचं पुढचं भिंग तळहाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करा. आता डावं झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची रिंग फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. झालं. ती रिंग कुठल्या खुणेवर आहे ते लक्षात ठेवा, पुढे फक्त मधलं चाक. मी स्वतः पहिलं वर्षभर ती रिंग शोभेची आहे असं समजत होतो, हसू नका.

चष्मेवाल्यांनी आय रिलीफ नावाचा आकडा बघायचा, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं तो, १५ मिलिमीटर किंवा जास्त हवा. कमी असला की चित्राच्या कडा कापल्या जातात. पण आकड्यावर विसंबू नका, चष्मा लावूनच बघा, आयकप खाली करून पूर्ण गोल दिसतो का, एवढंच.

मग टिकली. हातभर लांब धरून बघा. स्वच्छ गोल हवी. कडा कापल्यासारख्या, चौकोनी किंवा मांजराच्या डोळ्यासारख्या दिसल्या तर आतलं प्रिझम हलक्या काचेचं आहे किंवा लहान पडतंय. पोरोमध्ये बीएके-४ (हे काचेच्या प्रकाराचं नाव) लिहिलेलं असेल तर टिकली सहसा गोल मिळते, बीके-७ असेल तर कडा राखाडी. आणि सुरुवातीला म्हटलं तो हिशोब इथे करायचा: भिंगामागे पांढरा कागद धरून टिकलीची रुंदी पट्टीने मोजा. माझी भरली पावणेतीन-तीनच्या मधे, पुढचं भिंग २२, भागाकार केला आठच्या आसपास. ३० पट खरं असतं तर टिकली एक मिलिमीटरपेक्षा बारीक दिसायला हवी होती. दुकानदार वाद घालत असेल तर त्याच्यासमोरच पट्टी लावा.

आता बाहेर या. दुकानदाराला विनंती करा, नको म्हणत असेल तर दुसरं दुकान बघा, कारण एसी शोरूमच्या लखलखाटात तीन हजाराची आणि तीस हजाराची एकसारखी दिसते. शक्यतो संध्याकाळी साडेपाच-सहाला जा. रस्त्यावर विजेच्या तारेवर कावळा असतोच, आपल्या देशात निदान ही सोय आहे. कावळा काळा, मागे उजळ आभाळ, याच्याइतका चांगला टेस्ट चार्ट दुसरा नाही.

कावळा मधोमध आणा आणि त्याच्या पाठीची कड बघा. एका बाजूला जांभळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट-पिवळी रेघ दिसते का? थोडी सगळ्यांतच दिसते, स्वस्तात जाड दिसते. ईडी नावाची खास काच ही रेघ कमी करायलाच असते, पण ईडी लिहिलंय म्हणून बाकीचं पण चांगलं असेल असं नाही. मग कावळा हळूहळू चित्राच्या कडेला न्या, कुठे मऊ पडतो बघा. मधला दोन-तृतीयांश भाग स्पष्ट असला की माझं भागतं, कारण आपण बघतो मधूनच, कडेचा उपयोग फक्त हालचाल टिपायला. यासाठी जास्तीचे दहा हजार द्यायची गरज नाही असं माझं मत. मग त्याच्या मानेकडे बघा, गावकावळ्याची मान राखाडी असते आणि त्या राखाडीतून काळ्यात जाताना मधल्या छटा दिसतात, चांगल्या दुर्बिणीत पिसांचे पदर कळतात, हलक्या दुर्बिणीत सगळा एकच डांबराचा गोळा. हा फरक एकदा दिसला ना की मग शब्दात सांगावा लागत नाही.

त्यानंतर मावळतीच्या बाजूचं सावलीतलं झाड बघा, सूर्य इमारतीमागे पूर्ण झाकलेला असताना. सूर्याकडे दुर्बीण चुकूनसुद्धा नेऊ नका, डोळा कायमचा जातो, मुलांच्या हातात देताना तर आधी हेच सांगा. झाडाच्या सावलीत काळं काळं दिसतंय की वर दुधाची साय धरल्यासारखं? साय धरत असेल तर आतलं कोटिंग किंवा काळा रंग नीट नाही.

आणि शेवटी दोन-तीन मिनिटं सलग बघत राहा, घाईने नाही. डोळे ओढल्यासारखे झाले, कपाळात दुखलं, किंवा चित्र क्षणभर दुहेरी होऊन जुळलं तर दोन नळ्या एका दिशेला बघत नाहीयेत, कॉलिमेशन बिघडलंय. नवीन पीसमध्ये पण असतं हे, विशेषतः स्वस्तात, म्हणून डिस्प्लेचा पीस तपासून पॅकबंद दुसरा घेऊ नका, जो तपासला तोच घ्या किंवा दुसरा परत तपासा.

दोन-तीन मॉडेल जवळ जवळची वाटली तर आवाका बघा, म्हणजे एका वेळी किती रुंद भाग दिसतो ते. खोक्यावर अंशात किंवा १००० मीटरवर किती मीटर असा लिहितात, एक अंश म्हणजे साधारण साडेसतरा मीटर. खिशातल्यांमध्ये सव्वासहा-साडेसहा अंश म्हणजे ठीक, सातच्या जवळ म्हणजे मस्त. झाइस टेरा ईडी पॉकेट ८×२५ चा ११९ मीटर आहे, वजन फक्त ३१० ग्रॅम. आणि जरा मोठ्या ८×३० मध्ये निकॉन मोनार्क एम७ चा ८.३ अंश. शिंजीर किंवा वटवट्यासारखं एका जागी न बसणारं ध्यान झुडपात शोधायचं असेल तेव्हा हा आवाका पट जास्त असण्यापेक्षा दहादा उपयोगी पडतो.

पैशांचं. भाव सेलप्रमाणे आणि डॉलरप्रमाणे हलतात म्हणून ढोबळच सांगतो. तीन हजारांच्या खाली कॉम्पॅक्ट घेऊ नका, थांबा, साठवा, तोपर्यंत कुणाची तरी मागून वापरा. पाच ते दहा हजारात चांगल्या कंपनीची रिव्हर्स पोरो ८×२५, नवशिक्याला ही पुरेपूर. पंधरा-वीसच्या घरात गेलात तर माझं मन ८×३० कडे वळतं, निकॉन प्रोस्टाफ पी७ सारखी, फेज कोटिंगवाली, वजन अर्धा किलोच्या आसपास, खिशात जात नाही पण गळ्यात जाणवतही नाही फारशी, आणि टिकली पावणेचारची मिळते. माझ्या मते पैसा वसूल होतो तो इथे, याच्यावर प्रत्येक पायरीला पैसे दुप्पट आणि फरक चिमूटभर. झाइस टेरा पॉकेट त्याच्यावर, आणि स्वारोव्स्की सीएल पॉकेट, लायका अल्ट्राविड ही तर दागिन्यांच्या लायनीतली. एकदा स्वारोव्स्की हातात घेऊन बघितली, कावळ्याच्या डोळ्यात आभाळ दिसलं मला. पण तेवढ्या पैशात मी दहा वेळा नांदूरमध्यमेश्वरला जाऊन येईन.

सेकंडहँड घेणार असाल तर उलटी धरून, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात, कोकण-गोव्यात तर जास्तच, ही कीड हमखास लागते. काढायला खर्च दुर्बिणीएवढा. नवीन घेतलीत तरी जून ते सप्टेंबर तिला कापडी पाऊचमध्ये, बंद कपाटात ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की बदला. वॉटरप्रूफ, नायट्रोजन भरलेली असेल तर आतून वाफ धरत नाही. एसी गाडीतून उतरल्यावर बाहेरून धरते, ती दोन मिनिटांत जाते, आतून धरली आणि पुसून जात नसेल तर ती वॉटरप्रूफ नाही, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर. आणि ऑनलाइनच मागवणार असाल तर परत करायची मुदत किती दिवस आहे ते ऑर्डरच्या आधी वाचा, खोकं फाडताना व्हिडिओ काढा, आणि त्याच संध्याकाळी गच्चीवर जाऊन पट्टी, कागद आणि कावळा, तिन्ही उरका. दुर्बिणीच्या अंगावरची प्लास्टिकची फिल्म मात्र तोपर्यंत काढू नका.